पेडलपासून सीटपर्यंत

सकाळी आठला मेस्त्रीने गॅरेजचं शटर वर केलं, हात पुसले आणि जुन्या मोटारीचं बॉनेट उघडलं. गाडीचा मालक आधीपासूनच दारात येरझाऱ्या घालत होता. वडिलांची ही गाडी स्वतः चालवत त्याची ताई रोज शाळेत शिकवायला जाई आणि चढावर सायकलवालेही तिला मागे टाकत. तिला न सांगता दमदार इंजिन बसवायचं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. जमिनीवर दोन इंजिनं होती, एक सहा सिलिंडरचं आणि एक चारचं, जुन्याहून थोडंच ताकदवान.

"मोठंच बसवा."

मेस्त्रीने टेप लावली. "जागेपेक्षा चार बोटं लांब आहे, दादा. इंजिन आणि पायांमधला पत्रा कापून पेडलं सीटकडे सरकवावी लागतील."

"मग सरकवा की! मुहूर्त काढायचाय का?"

"गाडी सुसाट पळेल, पण ताईंना ती चालवता येणार नाही, मागच्या सीटवर बसावं लागेल. त्यांचा उजवा गुडघा वाकत नाही ना?"

त्याला एकदम ओशाळल्यासारखं झालं. सीट आणखी मागे जात नव्हती. तो आत बसला आणि ताईसारखा पाय ताठ ठेवून पाहिला. पेडलं अजून जागच्या जागी असूनही पाऊल त्यांवर जेमतेम मावलं.

तो उतरला. त्याने कप्पीची साखळी लहान इंजिनाला अडकवली आणि ओढायला लागला.