सातचं भांडण

“तोंडात किडे पडतील तुमच्या! केस पिकले, तरी जिभेला लगाम न्हाई!”

अनुसयाबाई माझ्या उंबऱ्यासमोर अशी कडाडली की दावणीची शेळी उठून उभी राहिली. पलीकडच्या भिंतीवरून शेजारच्या भिकाबाईचं डोकं वर आलं. सातचं भांडण चुकू नये म्हणून ती बाई तवा उतरवून यायची.

“माझ्या लेकीच्या सासरी जाऊन माझी बदनामी करता? लाज न्हाई?”

“होती,” मी म्हणालो. “मागच्या पुरात वाहून गेली. कयाधू नदीत सापडली तर आणून दे.”

भिकाबाई खुदकन हसली. तेवढ्यात अनुसयाबाईनं माझ्या दारातला तांब्या हिसकावल्यासारखा उचलला, भिंतीकडे पाठ केली, कमरेच्या बटव्यातून एक गोळी काढली आणि पाण्याबरोबर गिळली. घोट खाली उतरेपर्यंत डोळे मिटून थांबली. मग तांब्या आपटला.

“थू तुमच्या जिंदगीवर!” ती ओरडली, आणि वळता वळता पुटपुटली, “येते मामा.”

आता हे काय ते खरंखरं सांगतो. मी ‘खरं सांगतो’ म्हटलं की कनेरगाव नाक्यावर लोक बाकावर सरकून जागा करायचे. आता मोठी थाप येणार. माझा बोकड एकटा एसटीत बसून वाशीमला जायचा आणि उतरताना कंडक्टरकडून सुट्टे मागून घ्यायचा, ही गोष्ट मी चाळीस वर्षं सांगितली. आज एकाहत्तर वर्षांचा आहे आणि पंचाहत्तर सांगून एसटीत फुकट फिरतो. भुजंगबुवाचं कुणी खरं धरत नाही, ही माझी आयुष्याची कमाई.

आणि त्याच कमाईवर अनुसयाबाईनं मला निवडलं.

ती मेंढरं राखणारी विधवा. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी एका सकाळी रानात माझ्याजवळ येऊन बसली, मेंढरं पुढं जाऊ दिली.

“मामा, मला एचआयव्ही हाय.”

मी हसलो. मला वाटलं, माझ्यावरच कुणीतरी थाप मारतंय. ती हसली नाही.

“वाशीमच्या दवाखान्यातल्या मॅडम म्हणतात, जवळचं एक माणूस सांग. गोळी घेतली का इचारणारं. रोज एकच येळ पाळा लागते. मी सगळा गाव मनात फिरून आले. भावाला सांगावं तर भावजय हाय. भिकाबाईच्या पोटात तर पाणीबी राहत न्हाई. पोरगी सासरी.”

“मग मीच काहून?”

“तुमी सांगितलं तरी कोण खरं धरतंय?”

उभ्या जन्मात माझा असा अपमान कुणी केला नाही आणि असा मानही कुणी दिला नाही. कुणापासून, कधी, ते तिनं सांगितलं नाही; मी विचारलं नाही. हिंगोलीच्या दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटेल म्हणून ती वाशीमला जायची. एसटीत पुढं ती, मागं मी. गोळ्यांची बाटली चालताना खुळखुळते. तिनं त्यावर इलाज काढला होता. पहिल्या कातरणीला कोकराची मऊ लोकर निघते, तिचा बोळा बाटलीत कोंबायची, झाकण लावायची, कानाशी हलवून पाहायची. आवाज नाही आला की बाटली बटव्यात.

सगळं बरं चाललं होतं. वजन भरलं, खोकला गेला. मग मोहिनीला, तिच्या लेकीला, दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात पोरीला आणायचं, आणि घर म्हणजे एक खोली.

“मॅडम म्हणतात, हात लावून, मांडीवर घेऊन काही व्हत न्हाई,” ती म्हणाली. “मला पटलं. पण पोरीला न सांगता तिचं लेकरू मांडीवर घेऊ? उद्या तिला कळलं तर म्हणंल, मायनं फसवलं.”

“मग सांग.”

“तीनदा गेले पुसेगावला, तिच्या सासरी. तोंडातून निघत न्हाई. मामा, तुमी सांगा. पटलं तर पटलं. न्हाई पटलं तर… तुमची थाप.”

मी गेलो. मोहिनी ओसरीवर सुपात तूर निवडत होती. सासू शेतात होती. मी जन्मात पहिल्यांदा तिखटमीठ न लावता बोललो. चार वाक्यं. तुझ्या आईला हा आजार आहे, ती गोळ्या घेते, ती बरी आहे, तुला सांगायची तिला भीती वाटते.

पोरगी आधी हसली. “आबा, बोकडाची सांगा ना. एसटीवाली.”

“मोहिनी, हे खरं हाय.”

तिनं सूप खाली ठेवलं. तोंड लालबुंद झालं. “चेष्टेलाबी काही हद्द असते! माझ्या मायवर असलं काहीबाही? ती रांडमुंड बाई इतकी वर्षं इज्जतीनं राहून राहिली, अन् तुमी…”

तिनं तिथंच आईला फोन लावला. आवाज मोठा केला, मलाही ऐकू यावा म्हणून.

“आई, भुजंगआबा येऊन म्हणून राहिले, तुला तो रोग हाय. एचआयव्ही. खरं हाय का?”

फोनमधून मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू येत होत्या. मी मनात म्हणत होतो, बाई, हो म्हण. एका अक्षराचं काम आहे.

“त्या म्हाताऱ्याचं काय ऐकती गं,” अनुसयाबाई म्हणाली. “जन्माचा लबाड हाय त्यो.”

मोहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी चपला घातल्या.

गावात काय ते कुणाला नीट कळलं नाही. भुजंग लेकीच्या सासरी जाऊन आईबद्दल घाण बोलला, एवढं कळलं. तेवढं पुरलं. बोकडावर हसणारे लोक विधवेच्या अब्रूवर हसत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. नाक्यावरचा शिवहार चहावाला माझ्यासमोर कप ठेवायचा, पण बाकावर आता कुणी सरकत नव्हतं. मी बोललो की लोक रस्त्यावरच्या ट्रकांकडे पाहायचे.

मोहिनी माहेरी आली. खोलीत दिवसभर तीच, आणि गोळीची वेळ संध्याकाळी सात. पहिल्याच दिवशी बरोबर सातला अनुसयाबाई माझ्या दारात आली आणि शिव्या देऊ लागली. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. मग तिनं तांब्या उचलला तेव्हा उमगलं. आता कुणाला संशय न येता गोळी घ्यायला सगळ्या गावात तिला जाता येईल असं हेच दार उरलं होतं.

मोहिनीला मुलगी झाली. शिव्या चालू राहिल्या. एका संध्याकाळी भिकाबाई जत्रेला गेलेली, भिंत रिकामी. अनुसयाबाई उंबऱ्यावर टेकली.

“अजून सांगता येईल,” मी म्हणालो.

“रोज सकाळी लेकरू माझ्या मांडीवर टाकती अन् म्हणती, आई, तुझ्याजवळ झोपती तशी कुठं झोपत न्हाई.” ती तांब्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली. “मी सांगितलं अन् तिनं ते उचलून घेतलं तर? एकदा उचललं तर मी परत मागू कशी मामा?”

मी उठून शेळीपुढं चारा टाकला.

“तुमचा चहा बंद केला म्हणं नाक्यावर?”

“न्हाई. उलट आता कपाला दोन बश्या देऊन राहिले.”

ती हसली नाही. “आज शिव्या दिल्या न्हाईत,” म्हणाली, उठली, अन् मोहिनीला ऐकू जाव्यात म्हणून आपल्या घराकडे तोंड करून दोन मोठ्यानं देऊन गेली.

सव्वा महिना झाला आणि मोहिनीला न्यायला जीप आली.

इथं मला एक गोष्ट रचता आली असती. जीप माझ्या दाराशी थांबली, मोहिनी खाली उतरली आणि म्हणाली, ‘आबा, मला समजलं हाय. आईला जपा.’ चांगली गोष्ट आहे. नाक्यावर सांगितली असती तर लोक पुन्हा बाकावर सरकले असते. पण तसं काही झालं नाही. जीप पुढं आली, मोहिनीनं मला पाहिलं आणि लेकराच्या तोंडावर पदर ओढला. मागं अनुसयाबाई रस्त्यात उभी होती, मांडीवरचं लेकरू नुकतंच उचलून नेल्यावर हात जसे राहतात तसे हात धरून.

त्या दिवशी सातला भिकाबाई सवयीनं भिंतीशी आली.

“आज आली न्हाई व्हय ती?”

“न्हाई.”

“मिटलं वाटतं मग.”

“मिटलं.”

समोर अनुसयाबाईच्या खोलीत दिवा लागला होता, दार लोटलेलं होतं. तिच्या घरात आता तिचं पाणी होतं आणि गोळी घेताना पाहायला कुणी नव्हतं. मी तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवला होता. सकाळी ते पाणी शेळीला पाजलं, तांब्या राखेनं घासला आणि पुन्हा दारात ठेवला.