कोपऱ्यातली चौकट

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, एकेचाळीस माणसांनी डोळ्यांवरचे तळहात काढले आणि समोरच्या पासष्ट इंची टीव्हीवर एक निळा पक्षी पाहिला. त्याचे पीस न् पीस मोजता येत होते. अकरा पंचविसाला त्या एकेचाळिसांपैकी एका बाईंनी डोळ्यांच्या रुग्णालयाला फोन केला आणि मंगळवारचे आपले ऑपरेशन रद्द केले.

या बाई चौथ्या मजल्यावर मुलगा आणि सुनेबरोबर राहतात. अडतीस वर्षे त्यांनी मनगटी घड्याळे दुरुस्त केली, म्हणून सगळी इमारत त्यांना घड्याळवाल्या काकू म्हणते. आजही त्या पहिल्या प्रयत्नात सुईत दोरा ओवतात आणि घरात कोणी चष्मा शोधत असले की मुद्दाम ओवून दाखवतात. त्यांना काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढून आतली नस कडेकडेने मरते, गेलेली नजर परत येत नाही आणि आता थेंबांनी दाब आवरत नाही, एवढे डॉक्टरांनी त्यांना तीन वेळा सांगितले होते. काकूंचे उत्तर तिन्ही वेळा एकच होते. आपल्याला सगळे नीट दिसते. धूसर दिसतो तो फक्त टीव्ही.

रविवारी टीव्ही स्वच्छ झाला. मग डोळ्यांत दोष कसला?

टीव्ही स्वच्छ करणाऱ्या गृहस्थांना लोक लहरीसर म्हणतात. पांढरा सदरा, गळ्यात ओळखपत्र, आणि त्यावर त्यांचा स्वतःचाच फोटो दोनदा. त्यांच्या म्हणण्यानुसार प्रत्येक घरातल्या टीव्हीच्या पाठीमागे मृत लहरींची गाठ बसते. खोक्यावर चित्राचा जो दर्जा छापलेला असतो तो या गाठीमुळे पडद्यापर्यंत पोहोचत नाही, आणि त्याच लहरी पाहणाऱ्याच्या बुबुळावरही साचतात. उपाय म्हणजे तांब्याच्या रंगाची, बशीएवढी तबकडी. तिला एक आखूड वायर असते. ती टीव्हीच्या पाठीत खोचायची, सगळ्यांनी तळहातांनी डोळे झाकायचे, साठपर्यंत मोजायचे, आणि मधे डोळे उघडायचे नाहीत. उघडले तर गाठ सुटते ती उघडणाऱ्याच्या डोळ्यात जाऊन बसते. डोळे उघडल्यावर नजर पक्ष्याच्या चोचीवर ठेवायची.

हे ऐकून कोणी हसले नाही. याचे कारण सांगायला हवे, कारण या लोकांना मूर्ख ठरवून मोकळे होणे सोपे आहे. त्यांची तक्रार खरी होती. इमारतीत तीनशेच्या वेगाचे इंटरनेट आहे. टीव्हीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत फोर-के लिहिलेले आहे. टीव्हीतल्या ॲपमध्ये सिनेमाच्या नावाखालीही तेच लिहिलेले असते. तरी चेहरे मेणाचे दिसतात आणि ऐन मोक्याच्या प्रसंगाला पडद्यावर गोल फिरत बसते. दुकानदार म्हणतो इंटरनेट बघा, इंटरनेटवाले म्हणतात टीव्ही बघा, टीव्हीची कंपनी म्हणते बंद करून चालू करा. लहरीसर हा पहिला माणूस होता, ज्याने तक्रार पूर्ण ऐकून घेतली.

हे इंटरनेटवाले म्हणजे काकूंची सून. ती इंटरनेट कंपनीच्या तक्रार विभागात फोन घेते. दिवसाला साठ-सत्तर फोन, त्यांतले निम्मे याच तक्रारीचे. रविवारी ती कामावर होती. संध्याकाळी घरी आली तेव्हा घरातल्या टीव्हीमागे तसलीच एक तबकडी लटकत होती, काकू खुशीत होत्या आणि नवरा तिची नजर चुकवत होता. तो कॉलेजात गणित शिकवतो. डोळ्यांवर हात ठेवून साठपर्यंत मोजणाऱ्यांत तोही होता.

"तू मोजलंस?" तिने विचारले.

"सगळेच मोजत होते."

"बरोबर मोजलंस ना? नाहीतर पोरांना काय शिकवशील?"

नंतरचे भांडण लिहिण्यासारखे नाही. रुग्णालयाने सुनेला सांगितले की मंगळवार सकाळची जागा सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत राखता येईल; नंतर ती दुसऱ्या रुग्णाला दिली जाईल. काकूंनी ठणकावले की आपल्याला कोणी उचलून नेले तरच आपण जाऊ. सोमवारी पाच वाजता लहरीसरांचा हॉलमध्ये दुसरा प्रयोग होता. सुनेने सुट्टी टाकली आणि काकूंशेजारी पहिल्या रांगेत जाऊन बसली, टीव्हीपासून हातभर अंतरावर.

सरांनी डोळे झाकायला सांगितले. सगळ्यांनी झाकले. सुनेने झाकले नाहीत.

तिने जे पाहिले ते असे. लहरीसरांनी तबकडीची वायर टीव्हीच्या पाठीत खोचली. खिशातून रिमोट काढून चार वेळा दाबला. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात राखाडी चौकट उगवली, तिच्यात 'यूएसबी' अशी अक्षरे होती, आणि तीन सेकंदांत ती गेली. मग पक्षी आला. या सगळ्या वेळात सर तोंडाने "एकोणचाळीस, चाळीस" म्हणत होते.

साठ झाले, हात खाली आले, हॉलभर सुस्कारा उठला. सून उठली, टीव्हीच्या मागे गेली आणि तिने तबकडी उपसली.

पडदा काळा झाला. मधोमध एक ओळ आली: उपकरण जोडलेले नाही.

यानंतर लोक शहाणे झाले असे लिहायला आवडले असते. प्रत्यक्षात इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, "पाहिलंत? तबकडी काढली की चित्र जातं. म्हणजे शक्ती तबकडीतच आहे."

"तबकडीतच आहे, काका," सून म्हणाली. "पक्ष्याचा पिक्चरच आत आहे. ही तबकडी नाही, पेन ड्राइव्हला घातलेला सदरा आहे."

लहरीसर म्हणाले की ताईंच्या मनात शंका आहे आणि शंकेची कंपने जड असतात. सुनेने शांतपणे सांगितले की तिला एवढीच विनंती करायची आहे: तबकडी पुन्हा आत घाला, आणि काल रात्री सेक्रेटरीकाकांनी घरी ॲपवर पाहिलेला सिनेमा तसाच या टीव्हीच्या ॲपमधून लावा. सर म्हणाले, आज लहरी थकल्या आहेत. मग सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने तबकडी खोचली आणि टीव्हीवरची बटणे दाबून तो सिनेमा लावला. नायकाचा चेहरा मेणाचा होता. सुनेने टीव्हीचे माहिती दाखवणारे बटण दाबले. सिनेमाच्या नावाखाली फोर-के लिहिलेले होते. टीव्हीला प्रत्यक्षात मिळत होते त्याच्या पाव हिश्श्याचे चित्र. तबकडी पाठीतच होती.

मग तिने जे सांगितले ते ती रोज फोनवर सांगते, आणि रोज समोरचा माणूस मधेच फोन ठेवतो. पडदा मोठ्या चित्राचा आहे, हे खरे. पण इंटरनेटवरून चित्र घडी घालून येते आणि ती घडी उलगडायचे काम टीव्हीच्या आतल्या चिपला करावे लागते. हा टीव्ही सहा वर्षांचा. नव्या पद्धतीची घडी त्याला उलगडता येत नाही, आणि कंपनीने त्याच्यातली ॲप सुधारणे दोन वर्षांपूर्वी बंद केले. टीव्हीला काय झेपते हे ॲपला कळते, म्हणून ते मुकाट्याने लहान चित्र पाठवते आणि पाटी मात्र मोठ्याची ठेवते. पेन ड्राइव्हमधल्या पक्ष्याची घडी जुन्या पद्धतीची, म्हणून तो छान उडतो. वरच्या टाकीत पाणी कितीही असो, नळाची तोटी आहे तेवढीच धार पडणार. बाहेरून एक चांगले छोटे खोके जोडले तर बहुतेक ठिकाणी हे काम भागते. डोळे झाकावे लागत नाहीत.

लहरीसर या सगळ्यात कधी निघून गेले ते कोणी पाहिले नाही. रिमोट ते घेऊन गेले, तबकडी राहिली.

आता पाच चाळीस झाले होते. सुनेने काकूंकडे पाहिले. काकूंचा चेहरा खुलला होता.

"म्हणजे टीव्हीच धूसर होता ना?" त्या म्हणाल्या. "मी हेच सांगत होते. डॉक्टर म्हणे डोळे. अगं, धूसर चित्र मला धूसर दिसलं, म्हणजे माझी नजर पक्की नाही का?"

सुनेने कपाळाला हात लावला. बुवाबाजी उघडी पडली होती आणि तिचा पुरावा काकूंनी आपल्या बाजूने लावला होता. त्यातला अर्धा भाग खराच होता, हे अधिक वाईट. मग तिने तबकडी उपसून पुन्हा खोचली आणि सगळ्यांना सांगितले की या वेळी डोळे उघडे ठेवा, चोचीवरच नजर ठेवा, आणि आणखी काही दिसले तर हात वर करा.

चौकट आली. हॉलमधले सगळे हात वर गेले. गणिताच्या प्राध्यापकांचाही गेला.

काकूंचे हात मांडीवर होते.

"आई, कोपऱ्यात काय आलं?"

"कुठल्या कोपऱ्यात?"

सुनेने पुन्हा दाखवले. काकूंनी मान वळवून शोधायला सुरुवात केली तोवर चौकट गेली होती. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच रिमोट मागितला, पण तो नव्हता. टीव्हीवरचेच बटण दाबावे लागले. चोच दिसत होती, चोचीवरचा ओरखडासुद्धा दिसत होता. कोपरा नव्हता. अडतीस वर्षे डोळ्याला भिंग लावून त्यांनी फक्त मधले पाहिले होते, आणि कडा कधी गेल्या हे त्यांना कळलेच नव्हते.

"तिथे खरंच काही येतं?" त्यांनी मुलाला विचारले. सुनेला नाही.

"येतं, आई," तो म्हणाला.

वाचकाला सांगायचे ते थोडे आहे. कोणी चमत्कार दाखवला तर डोळे उघडे ठेवा; तोच चमत्कार आपल्या निवडीच्या वस्तूवर पुन्हा मागा; आणि एक गोष्ट खोटी ठरली म्हणून आपली आवडती गोष्ट खरी ठरते असे मानू नका. तक्रार टीव्हीची असेल तर टीव्ही तपासा, डोळ्यांची असेल तर डोळे. दोन्हींची असू शकते.

पाच छप्पनला सुनेने रुग्णालयाला फोन लावला. सहा वाजून चार मिनिटांपर्यंत तो लागला नाही. लागला तेव्हा जागा गेलेली होती. पुढची तारीख एकोणीस दिवसांनंतरची; कोणी गळाले तर कळवू, असे उत्तर मिळाले. काकू रात्री जेवल्या नाहीत.

समोरच्या इमारतीच्या फाटकावर लहरीसरांच्या गुरुवारच्या प्रयोगाचा कागद लागला आहे. सेक्रेटरींनी तिथल्या सेक्रेटरींना सावध करायला फोन केला. त्यांनी सांगितले की आमच्याकडचा टीव्ही वेगळ्या कंपनीचा आहे.

मंगळवारी सकाळी सात वीसला रुग्णालयातून फोन आला. जागा मिळालेल्या रुग्णाला ताप आला होता. पावणेनऊपर्यंत पोहोचलात तर जागा तुमची. शेवटची खात्रीची माहिती आठ वाजून पाच मिनिटांची आहे. खाली गाडी उभी आहे. काकूंनी चपला घातल्या आहेत आणि संमतीचा फॉर्म हातात धरून त्या दाराशी उभ्या आहेत. फॉर्मवर अजून सही नाही.