पद्मजाच्या नावाची फाईल

गोविंदरावांचा जुना संगणक अजून सुरू होत होता, पण त्याचा फ्लॉपी ड्राइव्ह कधीच बंद पडला होता आणि आतली डिस्क आताच्या कुठल्याच यंत्राला जुळत नव्हती. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या गोविंदरावांना त्यातल्या व्याकरणाच्या नोट्सचं पुस्तक करायचं होतं. म्हणून परभणीत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणारा त्यांचा मुलगा मुकुल रविवारी तसलाच एक जुना संगणक घेऊन सेलूला आला. दोन्हींना फोनच्या तारेवरून माहिती पाठवणारे मोडेम होते. इंटरकॉमच्या पेटीतून त्यानं ते एकमेकांना जोडले, नंबर फिरवला. मोडेम किंचाळले आणि फाईली मुंगीच्या चालीनं इकडून तिकडं जायला लागल्या.

माहेरी आलेली त्याची थोरली बहीण पद्मजा पडद्यावरची नावं वहीत उतरवत होती. मध्येच तिचा हात थांबला. फाईलला तिचंच नाव होतं.

मुकुलनं ती उघडली. जुलै १९९७ चं पत्र, औरंगाबादच्या एका कचेरीला. नेमणुकीचा आदेश मिळाला, आभारी आहे, पण घरगुती अडचणीमुळे रुजू होता येत नाही. खाली नाव पद्मजाचं.

तिनं असं पत्र कधी लिहिलंच नव्हतं. त्या वर्षी तीन महिने ती रोज पोस्टमन किशनरावांची वाट बघत दारात उभी राहिली होती. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं.

मुकुल काहीतरी विचारत होता, त्याचे ओठ तेवढे हललेले दिसले. वही तशीच टाकून ती ओसरीवर वडिलांकडं गेली.

"अण्णा, माझी ऑर्डर आली होती?"

गोविंदरावांनी पेपर खाली ठेवला.

"तू एकटी तिकडं कशी राहणार होतीस? मला भीती वाटली."

"मी रोज दारात उभी राहायचे. दिसत होतं ना तुमाला?"

त्यांनी पेपर पुन्हा उचलला.

ती आत आली तेव्हा मुकुल वायर काढायला लागला होता.

"राहू दे चालू," ती म्हणाली. "अजून काय काय हाय, बघू दे."

बाकी सगळं व्याकरणच निघालं. न जेवता ती जिंतूरला, आपल्या घरी निघाली. जिंतूर आणि औरंगाबादचे रस्ते फुटतात त्या देवगाव फाट्याला ती गाडी बदलायला उतरली. जिंतूरची गाडी आली, थांबली, निघून गेली. पद्मजा बाकावर तशीच बसून होती.