पॅन्ट्रीत धुतलेली बाटली

माझ्या सासूबाई अडतीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या. त्यातली शेवटची अकरा वर्षं त्यांनी ऑपरेशन थिएटर सांभाळलं. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी आमच्या इमारतीत त्यांना कुणी काकू किंवा आजी म्हणत नाही. लहानथोर सगळ्यांसाठी त्या सिस्टर. लग्नानंतर त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "नखं वेळच्या वेळी कापतेस ना?" त्यानंतर सहा वर्षांत आमचं भांडण असं कधी झालं नाही, पण गप्पाही कधी झाल्या नाहीत. दोघी एकाच ओट्याशी उभ्या राहायचो आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायचो.

हे बदललं ते माझ्या नोकरीमुळे. मी ज्या कंपनीत लागले ती काचेच्या बाटल्यांतून शाम्पू, भांड्यांचा साबण आणि फरशीचं औषध विकायची. रिकामी बाटली दुकानात परत द्या, आम्ही ती धुऊन पुन्हा भरू, पृथ्वीवर कचरा नको, असं प्रत्येक लेबलवर हिरव्या पानाच्या चित्राखाली छापलेलं असायचं. सासूबाईंनी ते लेबल चष्मा लावून दोनदा वाचलं. धुवायचं, उकळायचं, पुन्हा वापरायचं, हेच तर आपण आयुष्यभर केलं, असं त्या आपल्या मुलाला म्हणाल्या आणि पहिल्यांदाच माझ्यासाठी चहा टाकला.

मग त्यांच्या पायाला भिंगरीच लागली. इमारतीतल्या चोवीसही घरांना त्यांनी त्या बाटल्या घ्यायला लावल्या, आणि रिकाम्या झाल्या की स्वतः जाऊन आणायच्या. आणलेली बाटली तशीच परत द्यायची नाही. गरम पाण्यात बुडवायची, लेबल सोलायचं, ब्रश घालून घासायची, उजेडात धरून आरपार बघायची आणि फडक्यावर उपडी ठेवायची. दर सोमवारी मी दोन पिशव्या भरून कामावर न्यायचे. "घाण सामान पुढे पाठवायचं नाही," त्या म्हणायच्या. "धुणाऱ्याला वाटलं पाहिजे, माणसाच्या घरून आलंय."

मी परतावा विभागात होते. विभाग म्हणजे मी, एक कॉम्प्युटर आणि पैलवान. पैलवान इतका काटकुळा होता, की रिकामा क्रेट उचलतानाही त्याला बघून आपलाच श्वास अडकायचा. दुकानांतून आलेले क्रेट तो उतरवायचा, मी बाटल्यांचा आकडा टाकायचे आणि तो आकडा कंपनीच्या वेबसाइटवर मोठ्या हिरव्या अक्षरांत झळकायचा. तिथून बाटल्या धुलाईला जायच्या. म्हणजे पहिले तीन महिने गेल्या. मग लेबलांचा गोंद मशीनच्या नळ्यांत अडकून मशीन बंद पडलं. मेकॅनिक दोनदा येऊन मान हलवून गेला. दरम्यान नव्या बाटल्यांचा ट्रक येऊ लागला, भरणं थांबलं नाही, आणि मशीनवर निळी ताडपत्री पडली. मॅनेजर म्हणाले, तात्पुरतं आहे. मीही मनात तेच म्हटलं.

आकडा मात्र मी रोज टाकत होते. परत आलेल्या बाटल्यांचं होतं काय, हे मी पैलवानाला विचारलं तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बघायचंय तर गुरुवारी टेम्पोत बसा, ताई."

बसले. शहराबाहेरच्या कचरा डेपोवर टेम्पो उलटा लागला, मागची फळी खाली पडली आणि बाटल्या घरंगळल्या. काच फुटल्याचा आवाज झाला. पिवळट, चिकट, अर्धी लेबलं लोंबणाऱ्या बाटल्यांमध्ये काही अगदी लख्ख होत्या, उन्हात चमकत होत्या. त्या कुणाच्या हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. परत येताना पैलवानाने मला खिडकीची जागा दिली.

तेव्हाच घरी सांगायला हवं होतं. पण त्या दिवशी दार उघडताच सासूबाईंनी विचारलं, "तुमचं ते मशीन किती डिग्रीवर धुतं गं?" माझ्या तोंडून निघालं, "ऐंशी." "किती मिनिटं?" "बारा." त्या समाधानाने मान हलवून कणीक मळायला लागल्या. एक खोटं एकदा वळचणीला आलं की पिल्लं घालतं. साबण कुठला, शेवटचं पाणी गाळलेलं असतं का, रबरी वायसर किती दिवसांनी बदलतात, रोज नवा प्रश्न, आणि मी ओट्याशी उभी राहून एक एक उत्तर जन्माला घालत होते. बसलेली असले की उठावंसं वाटायचं, उठले की कुठे जावं कळायचं नाही. नवऱ्याला सांगितलं, तर तो नाकासमोर चालणारा माणूस. म्हणाला, नोकरी तुझी आहे, मशीन तुझं नाही. आईला कशाला दुखवतेस, तिचे गुडघे पण हल्ली दुखत नाहीत बघ. ते खरं होतं. जिने चढउतार करून त्यांचे गुडघे सुधारले होते.

मग त्यांनी खुणा करायला सुरुवात केली. इंजेक्शनची काचेची कुपी फोडण्याआधी तिच्या मानेवर चरा पाडायला नर्सकडे एक चिमुकली कानस असते. ती त्यांनी जपून ठेवली होती. प्रत्येक बाटलीच्या बुडाला त्या बारीकशी फुली ओढू लागल्या. आपली एखादी बाटली फिरून आपल्याच घरी येते का, बघू या, असं त्यांनी चोवीस घरांना सांगून टाकलं. तेव्हापासून घरात नवी बाटली आली की आधी उलटी व्हायची. शेजारपाजारचेही येऊन विचारायचे, सिस्टर, आली का? नाही आली. दोन महिने गेले, चार गेले. हळूहळू त्यांनी माझ्याकडे नुसतं बघायला सुरुवात केली. विचारलं काहीच नाही. ते बघणं मला सोसेना.

एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी क्रेटमधून एक फुलीवाली बाटली उचलली, ऑफिसच्या पॅन्ट्रीत नेली आणि कप विसळायच्या बेसिनमध्ये धुतली. भरण्याच्या खोलीतल्या ओळखीच्या बाईकडून ती भरून, लेबल लावून घेतली आणि घरी नेऊन नेहमीसारखी ओट्यावर ठेवली. सासूबाईंनी ती उलटी केली. खुर्ची ओढून खाली बसल्या. मग माझ्या गालावरून ओला हात फिरवला. सहा वर्षांत पहिल्यांदा. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

खोटं पचत नाही म्हणतात; हे तर पचलं नाहीच, उलट अंगाशी आलं. कुणीतरी सासूबाईंचा त्या बाटलीसकट फोटो काढून कंपनीला पाठवला. आठवड्याच्या आत मॅनेजरांनी मला बोलावलं. त्यांचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता. आपल्याच कर्मचाऱ्याची सासू, निवृत्त नर्स, आणि परत आलेली बाटली. फिल्म काढायची म्हणाले. मी अडखळत ताडपत्रीचा विषय काढला. ते म्हणाले, ताडपत्री काढता येते.

खरोखरच काढली. फिल्मच्या दिवशी मशीन आरशासारखं पुसलेलं होतं, त्यातून पाण्याचा आवाज येत होता आणि मागे दोन विजेच्या किटल्या ठेवल्या होत्या, वाफ दिसावी म्हणून. त्या चालू-बंद करायचं काम पैलवानाकडे होतं. सासूबाई इस्त्रीची पांढरी साडी नेसून आल्या होत्या. फिल्मवाली मुलगी त्यांना खुर्चीकडे नेत होती, पण त्या सरळ मशीनकडे गेल्या. वाकल्या, झाकण उघडलं आणि कडेच्या रबरी वायसरवरून अंगठा फिरवला. सुकलेल्या रबराचा भुगा त्यांच्या अंगठ्याला लागला. तो त्यांनी दोन बोटांत चुरगळला. मग मागे जाऊन किटल्या पाहिल्या. पैलवानाने मान खाली घातली. मी भिंतीशी उभी होते.

त्या येऊन खुर्चीवर बसल्या. मुलीने बाटली त्यांच्या हातात दिली आणि काय बोलायचं ते पुन्हा समजावलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं, बाटली उलटी करून फुली पाहिली आणि माझ्याकडे वळून विचारलं,

"ही कुणी धुतली?"

मॅनेजर हसून म्हणाले, "अहो आजी, इथेच, आपल्या मशीनमध्ये."

"मी हिला विचारतेय."

त्या क्षणी माझ्याजवळ तीन-चार उत्तरं तयार होती. इतक्या महिन्यांची सवय. पण त्यांचा आवाज थिएटरमधला होता. त्या आवाजापुढे डॉक्टरही खोटं बोलत नसत, असं मी ऐकलं होतं.

"मी धुतली," मी म्हणाले.

"कुठे?"

"पॅन्ट्रीत. बेसिनमध्ये."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या डेपोवर जातात, आई. फुटतात तिथे."

किटली खळखळून बंद झाली. फिल्मवाली मुलगी बिचारी शहाणी होती. तिने न सांगता कॅमेरा खाली केला. मॅनेजर माझ्यावर ओरडलेसुद्धा नाहीत, आजींना थकवा आला असेल, गाडी सांगतो, एवढंच म्हणाले. सासूबाईंनी गाडी नको म्हटलं. आम्ही बसने आलो. त्यांनी बाटली मांडीवर धरली होती आणि नजर बाहेर. घराचं कुलूप मी काढत असताना त्यांनी विचारलं,

"किती दिवस?"

"आठ महिने."

"म्हणजे आठ महिने मी घासत होते आणि तू बाजूला उभी राहून बघत होतीस."

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, असं काहीतरी पुटपुटले.

"मशीन बंद पडतं गं," त्या म्हणाल्या. "आमचंही पडायचं. पडलं की दारावर पाटी लावायची आणि ऑपरेशनं थांबवायची. शिव्या खायच्या. वाईट वाटण्याचं काय घेऊन बसलीस?"

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. स्वयंपाक दोघींचा व्हायचा, पण शिट्ट्या आता त्या एकट्याच मोजायच्या.

दुसऱ्या दिवशी कामावर माझ्यापुढे एक कागद आला. मी परवानगीशिवाय माल बाहेर नेला आणि त्यातून गैरसमज पसरला, असं त्यात लिहिलं होतं. सही केली तर प्रकरण इथेच मिटेल, मॅनेजर म्हणाले. मशीनही लवकरच सुरू होणार आहे. मी कागद दोनदा वाचला. त्यातलं अर्धं खरं होतं, तीच तर पंचाईत. मी विचारलं, मशीन सुरू होईपर्यंत आकडा बंद ठेवाल का? ते म्हणाले, आकड्याचा आणि याचा काय संबंध? मी सही केली नाही. दुपारपर्यंत माझा कॉम्प्युटर उघडेना. डबा, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन मी निघाले. फाटकापर्यंत पैलवान आला. दुसरीकडे कुठे लागलात तर सांगा म्हणाला. वेबसाइटवरचा आकडा अजून वाढतोय, मी रोज बघते. बघू नये असं ठरवते आणि बघते.

नवऱ्याने डोक्याला हात लावला. मग म्हणाला, चूक माझीही आहे, मीच म्हटलं होतं बोलू नकोस म्हणून. ते त्याने आईसमोर म्हटलं, एवढं माझ्या पदरात पडलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला सासूबाई चपला घालून दारात उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "चल."

कुठे ते मला कळलं होतं. चोवीस घरं. त्यांनी प्रत्येक घरी जाऊन मी चुकीचं सांगितलं, बाटल्या धुतल्या जात नाहीत, फोडल्या जातात, मला माहीत नव्हतं, माफ करा, असं सांगायला सुरुवात केली. वॉर्डाच्या फेरीसारखं. पहिल्या दोन घरांत लोक चुकचुकले. तिसऱ्या घरातल्या गृहस्थांनी आपल्याला आधीच शंका होती म्हणून सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी गळ्यात टेप तसाच ठेवून सगळं शांतपणे ऐकलं, आत गेल्या आणि पाच रिकाम्या बाटल्या घेऊन आल्या.

"हे नेता का, सिस्टर? घरात अडगळ होते."

"अहो, आत्ताच सांगितलं ना. आता कुठे नेऊ?"

"तुम्ही न्यायचात तिथेच." त्यांना खरंच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "आपल्या डोळ्यांआड गेलं म्हणजे झालं."

सासूबाई रागावतील असं मला वाटलं, पण त्यांनी बाटल्या परत बाईंच्या हातात दिल्या, शिलाई कशी चाललीय विचारलं आणि जिन्याकडे वळल्या. तीन पायऱ्या चढून कठड्याला धरून थांबल्या. गुडघा पुन्हा बोलायला लागला होता. मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही, झटकलाही नाही.

"अजून किती राहिली?" त्यांनी विचारलं.

"सतरा."

"पुढचं तू सांग. मी बाजूला उभी राहते."

वरच्या मजल्यावर कॉलेजात शिकवणारं एक जोडपं राहतं. दोघंही फार प्रश्न विचारणारे. मी बेल दाबली. आत टीव्हीचा आवाज बंद झाला, चपलांचा फटफट आवाज दाराकडे येऊ लागला आणि पहिलं वाक्य कुठून सुरू करावं, हे माझं अजून ठरत नव्हतं.