मुक्याने वाचलेली पुस्तकं

आमच्या हिचं कपडे दुरुस्तीचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. पँट आखूड करायची, चेन बदलायची, कोटाला अस्तर लावायचं. लेक परदेशात, जावई तिकडचाच, आणि आठ वर्षांच्या नातीला इंग्रजीखेरीज काही येत नाही. व्हिडिओ कॉलवर ती ‘हॅलो’ म्हणायची आणि पळायची. ही मग पडद्यावरच्या रिकाम्या सोफ्याकडे बघत बसायची. नात सुट्टीत महिनाभर येणार असं ठरलं, तेव्हा हिने शिलाई मशीनला मोबाइल टेकवला आणि इंग्रजी वाचनाच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं.

वर्गाची तऱ्हाच वेगळी. व्याकरण नाही, परीक्षा नाही. सोपी पुस्तकं मोबाइलवर उघडायची आणि मनातल्या मनात ढीगभर वाचायची. शब्द अडला तर पुढे जायचं, कंटाळा आला तर पुस्तक सोडून द्यायचं. हे ऐकून ही चिडलीच. काम अर्धवट सोडणारी बाई नव्हे ती! शब्दाशब्दाला डिक्शनरी बघायला लागली आणि पहिल्याच पानावर गाडी अडली. शेवटी शिकवणाऱ्या बाई पडद्यावरून म्हणाल्या, "ताई, तुम्ही शिवताय कमी आणि उसवताय जास्त."

ते बरोबर लागलं. मग ही बदकाच्या गोष्टीपासून जी सुटली ती थांबेचना. इस्त्री तापेपर्यंत वाच, गिऱ्हाईक पँट घालून बघेपर्यंत वाच.

"या वयात बदकं?" मी म्हणालो.

"तुम्हाला तेवढंही येत नाही."

खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

लेक नातीला घेऊन आली. दारात हिने तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. एवढी पुस्तकं वाचली, पण सगळी मुक्याने! एक वाक्य म्हणून कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. नातीने जरा वाट पाहिली, मग आईचा हात धरून आत गेली. ही स्वयंपाकघरात जाऊन रडली. एरवी मी चेष्टा केली असती, पण त्या दिवशी गुपचूप पाण्याचा तांब्या पुढे केला.

दुसऱ्या दिवशी ही मशीनपाशी मुकाट्याने वाचत बसली. दुसरं करणार काय? नात हळूच मागे येऊन उभी राहिली. मग स्टूल ओढून हिला चिकटून बसली. पान सरकवायला हिने बोट उचललं, तर पोरीने ते धरूनच ठेवलं. तिचं अजून वाचून व्हायचं होतं. तिने मान हलवली तेव्हा पान सरकलं. आणि पुढच्याच पानावर दोघी एकदम खो-खो हसत सुटल्या.

"काय झालं?" मी विचारलं. कुणी माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

महिना असाच गेला. बोलणं खुणांनी ‘ये’, ‘बस’, ‘जेव’ एवढंच, वाचणं मात्र पोटभर.

नात परत गेल्यावर पहिला कॉल आला. ‘हॅलो’ झालं आणि मला वाटलं, आता नात पळणार. पण पोरीने तिकडे पुस्तक उघडलं, हिने इकडे माझ्या मोबाइलवर तेच उघडलं. दोघी गप्प. बऱ्याच वेळाने मागून लेकीचा आवाज आला, "बाबा, कॉल तुटला की काय? काहीच ऐकू येत नाहीये."

"हळू बोल गं," मी म्हणालो, "वाचतायत दोघी."

तेवढ्यात पडद्यावर नातीने एक बोट वर केलं. पान सरकवता सरकवता ही तिच्यासाठी थांबली.