मॅनेजरचे कान

मांजर पाळलं की रक्तदाब खाली येतो, असं आमचे डॉक्टर म्हणतात. त्यांनी स्वतः मांजर पाळलेलं नाही. धुतलेल्या चादरीवर चिखलाची चार पावलं उमटलेली पाहिली असती, तर रक्तदाब कुठल्या दिशेला जातो ते त्यांना कळलं असतं. माझ्या मांजराचा फायदा निराळा होता, आणि तो मी दोन वर्षं कोणाला सांगितला नव्हता. मला ऐकू येत नव्हतं आणि तिला येत होतं.

मी घड्याळं दुरुस्त करतो. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर, वर झोपायची एक खोली. साठी ओलांडली तशी कानांनी हळूहळू कामातून अंग काढून घेतलं. आधी टिकटिक गेली, मग दारावरची घंटा, मग फोन. समोर उभं राहून कोणी सावकाश बोललं तर ओठ पाहून आणि उरल्यासुरल्या आवाजावरून भागायचं. पाठीमागून बोललेलं मात्र वाऱ्यावर जायचं. कामाचं काही अडत नव्हतं. चाक फिरतंय की नाही ते भिंगातून दिसतं आणि झाकण बसवल्यावर नखाच्या टोकाला ठोका लागतो. पण हे गिऱ्हाइकाला कोण पटवणार? घड्याळजी बहिरा आहे म्हटल्यावर लोक घड्याळ घेऊन पुढच्या गल्लीत गेले असते.

त्याहून मोठी धास्ती मुलीची होती. दोन वर्षांपूर्वी ती आली असताना किटलीतलं पाणी आटून बूड लाल झालं होतं. शिट्टी केव्हाची वाजत होती म्हणे. मी म्हणालो, विसरलो. ऐकू आली नाही असं म्हणालो नाही. तिने तेव्हाच बजावलं, "बाबा, पुन्हा असं झालं तर दुकानाला कुलूप आणि तुम्ही माझ्याकडे." मुलगी भली, जावईही वाईट नव्हता. पण दिवसभर समोरच्यांच्या बाल्कनीतले कपडे वाळताना बघत बसायचं, यापेक्षा मी चाकांना तेल घालत मेलेला बरा.

त्यानंतर महिनाभरातच ही मांजर दुकानात शिरली आणि काउंटरवर बसून राहिली. मी दोनदा बाहेर ठेवली, ती दोनदा आत आली. शेजारच्या न्हाव्याने तिचं नाव मॅनेजर ठेवलं. कारण, तो म्हणाला, ही आल्यागेल्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळते आणि काडीचं काम करत नाही.

काम ती करत होती, ते फक्त मला ठाऊक होतं. तिचे कान दाराकडे वळले की गिऱ्हाईक. मागे वळले की किटली. फोन वाजला की ती त्याच्याकडे असं बघायची, जणू त्याने तिची झोप मुद्दाम मोडली. गजराचं घड्याळ दुरुस्त झालं की मी ते तिच्या शेजारी ठेवून काटा फिरवायचो. ती उडाली की काम फत्ते. गिऱ्हाईक हसायचं, मीही हसायचो. आणि कोणाचं बोलणं कळलंच नाही, तर माझ्याकडे एक ठरलेलं उत्तर होतं: "बघू." दुनियेतल्या निम्म्या प्रश्नांना ते चालतं.

मागच्या महिन्यात मुलगी आली. एकटीच, भली मोठी बॅग घेऊन. "चार दिवस राहीन म्हणते," म्हणाली. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, न्हाव्याने काहीतरी कळवलं असणार, ही परीक्षा घ्यायला आली आहे आणि बॅग माझं सामान भरायला आणली आहे.

मी कंबर कसली. पहिले दोन दिवस मॅनेजरने माझी लाज राखली. वरून हाक आली की तिचे कान जिन्याकडे जायचे आणि मी "ओ" द्यायचो. "किटली होत आली बघ," असं मी बसल्या जागेवरून सांगितलं तेव्हा मुलगी समोर येऊन म्हणाली, "तुमचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत." मला मनातून गुदगुल्या झाल्या. तिचे डोळे सुजलेले दिसत होते. मी विचारलं तर म्हणाली, झोप लागत नाही. तेवढ्यावर मी विषय सोडला. स्वतःचं झाकण्यात मी इतका गुंतलो होतो की तिचं काही उघडून पाहण्याची मला फुरसत नव्हती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका मनगटी घड्याळाची केसाएवढी बारीक स्प्रिंग चिमट्यात धरून मी बसलो होतो. अशा वेळी मान हलवली की स्प्रिंग गेलीच, मग जमिनीवर रांगत शोधा. मॅनेजर दिव्याखाली लवंडली होती. तिचा एक कान माझ्या मागे वळला. थोडा वेळ तसाच राहिला. म्हणजे मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून काहीतरी बोलत होती. जेवायला काय करू, किंवा माझ्याकडे कधी येताय, दोहोंपैकी एक. मी मान वर न करता म्हटलं, "बघू."

कान पुन्हा सरळ झाला. मी स्प्रिंग बसवली.

चौथ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होतो, तर ती बॅग घेऊन खाली आली. मॅनेजर तिच्या पायांत घोटाळत होती. तीनच दिवसांत दोघींचं चांगलं जमलं होतं. मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, त्यामुळे ओठ बघून मला कळत होतं.

"निघते मी. मैत्रिणीकडे खोली बघते."

"मैत्रिणीकडे कशाला?"

"काल विचारलं ना तुम्हाला. तुम्ही 'बघू' म्हणालात." ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "लहानपणी सायकल मागितली तेव्हाही बघू म्हणाला होतात. तुमचं बघू म्हणजे काय ते मला पाठ आहे, बाबा. रागावले नाहीये मी."

तिने काय विचारलं होतं, मला पत्ता नव्हता. तोंडात उत्तर तयार होतं: ऐकलं मी, जरा विचार करत होतो. असली उत्तरं देऊन देऊन मी तरबेज झालो होतो. पण समोर सुजलेले डोळे आणि हातात बॅग घेऊन पोटची पोर उभी होती, आणि मला एवढं तरी कळत होतं की तिने जे काही मागितलं होतं, त्यावर बापाला रात्रभर विचार करावा लागला हे तिला ऐकवण्यासारखं नव्हतं. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं कोणाला दिसत नाही. इथे मांजराचे डोळे उघडे होते, मिटलेले होते ते माझे. मला माझी फार शरम वाटली.

"मला ऐकू येत नाही," मी म्हटलं.

तिच्या कपाळावर आठी पडली.

"काल काय विचारलंस ते मला माहीत नाही. तू मागे होतीस. मॅनेजरचा कान हलला म्हणून कळलं की कोणीतरी बोलतंय. काय बोलतंय ते ती सांगत नाही."

"कधीपासून?"

"किटलीच्याही आधीपासून."

हिशेब तिच्या चेहऱ्यावर मांडला जाताना मला दिसत होता: किटली, हाकांना दिलेले ओ, फोनवरचं माझं तुटक बोलणं. आता दुकानाला कुलूप लागणार, असं मी धरून चाललो. लागलं तर लागो, म्हटलं. पोरीला मैत्रिणीच्या दारात उभं राहायला लावून मला दुकान नको होतं.

तिने बॅग खाली ठेवली. गिऱ्हाइकाचं स्टूल ओढून माझ्यासमोर बसली आणि माझा कामाचा दिवा स्वतःच्या तोंडाकडे वळवला. मग एकेक शब्द सुटा करत बोलली.

"आम्ही वेगळे झालोय, बाबा. दोन महिने झाले. मला तिथे राहवत नाही. इथे राहू का मी, तुमच्याजवळ?"

पहिल्याच वाक्याला माझं उत्तर तयार होतं, पण मी तिला मध्ये तोडलं नाही. दोन वर्षांत तिचं बोलणं मला पहिल्यांदाच अख्खं कळत होतं, आणि ते हे होतं.

"राहा," मी म्हटलं. किती मोठ्याने म्हटलं ते मला कळलं नाही. पण शेजारचा न्हावी हातात कात्री घेऊन दारात आला, आणि त्याच्या मागे अर्धं डोकं कापलेलं गिऱ्हाईक.