साहेबांची बरणी

चार वर्षं खपून ताईने प्रयोगशाळेत हाडाचा साचा बनवला होता. मोडक्या हाडाच्या फटीत तो बसवायचा. त्याच्या आधाराने नवं हाड भरत जातं आणि साचा अंगातल्या ओलाव्याने सहा महिन्यांत विरघळून जातो. या शोधाचं बक्षीस मात्र प्रयोगशाळेच्या साहेबांनी स्वतःच्या नावावर लाटलं. आयत्या बिळावर नागोबा! शिवाय उठून दिसावा म्हणून साचा काचेच्या बरणीत पाण्यात बुडवून केबिनमध्ये मांडला, खाली आपल्या नावाची पितळी पाटी ठोकली, फोटो काढले आणि पुन्हा तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

ताई आपल्या कामाला लागली. घरी आई करवादली, "अगं, भांड ना त्या मेल्याशी!"

"मी कशाला? पाणी भांडतंय की."

सात महिन्यांनी परगावचे डॉक्टर तो शोध बघायला आले. साहेबांनी ऐटीत बरणी उचलली. आत नुसतं गढूळ पाणी.

"ताई, साचा कुणी काढला?" साहेब खेकसले.

"कुणी नाही, साहेब," ताई पाहुण्यांसमोर गोड आवाजात म्हणाली. "तो विरघळायलाच केलाय. शोध तुमचाच ना?"